टिटवी आणि प्रायव्हेट नंबर

टिटवी नऊ बेचाळीसला डोक्यावर यायची होती, आणि नऊ पंचवीसला कुणीतरी गच्चीवरच्या अँटेनाच्या खांबाला फ्लेक्स बांधत होतं. खाली प्रयोगशाळेत बसलेल्या शैलजा नारखेडेंना ते पडद्यावरच्या आकड्यांवरूनच कळलं, कारण अँटेना उत्तरेकडे वळायला गेला आणि मध्येच अडला. दोन जिने चढून त्या वर गेल्या. मांडववाल्याचा माणूस सुतळीची शेवटची गाठ मारत होता. फ्लेक्सवर विभागप्रमुख अत्तरदे सरांचा हसरा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत : 'सावरणी – तुटलेल्या शब्दाला आधार'.

"अहो, हा खांब फिरतो," शैलजाताई म्हणाल्या.

"मंग जराशीक थांबवा ना बाई त्याले," तो म्हणाला. "कार्यक्रम झाला की फिरवा मंग."

शैलजाताईंनी कात्री मागितली. ती नव्हती. मग त्यांनी दातांनी गाठ सोडवली, फ्लेक्स कठड्याला बांधायला सांगितला आणि धापा टाकत खाली आल्या. भुसावळजवळच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या तीस वर्षं प्रयोगशाळा साहाय्यक होत्या, आणि आपल्या चिडण्याचा काही उपयोग होतो असा एकही पुरावा त्यांना तीस वर्षांत मिळालेला नव्हता. तरी त्या चिडायच्या. कुणीतरी चिडायला हवंच ना!

टिटवी म्हणजे कॉलेजचा उपग्रह. चहाच्या मोठ्या डब्याएवढा, वजनाला जेमतेम अडीच किलो. पाच वर्षांपूर्वी एका बड्या उपग्रहाच्या शेजारी उरलेल्या जागेत बसून तो वर गेला. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून शहाण्णव मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालायचा, आणि भुसावळच्या आकाशात एका फेरीला नऊ-दहा मिनिटं असायचा. त्याचं काम साधं होतं. खालचा एखादा हौशी रेडिओवाला एका लहरीवर बोलला की ते ऐकायचं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर तेच परत खाली बोलायचं. सातपुड्यातला माणूस हातातल्या सेटवरून थेट बेळगावच्या माणसाशी बोलू शके. मध्ये ना टॉवर, ना तार.

आणि या टिटवीची किल्ली शैलजाताईंच्या हातात होती. नियमच तसा होता : हौशी लहरींवर चालणारा उपग्रह चालू-बंद करायचा अधिकार परवानाधारक हौशी माणसाकडेच हवा. परवान्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते. अत्तरदे सरांनी तिचा फॉर्म तीनदा भरला होता आणि तिन्ही वेळा ते परदेशी परिषदेला गेले होते. त्यामुळे तीन डॉक्टरेट असलेल्या विभागाच्या उपग्रहाला आज्ञा द्यायची वेळ आली की बारावी आणि आयटीआय झालेल्या शैलजाताईंना हाक मारावी लागे. सरांना ते आवडत नसे आणि शैलजाताईंना ते अतिशय आवडत असे.

खरी कटकट सुरू झाली ती सावरणीपासून. सावरणी हा आठ महिन्यांपूर्वी टिटवीवर चढवलेला प्रोग्रॅम. हातातल्या सेटचा जोर तो केवढा! डोंगर आड आला, झाड आलं, की शब्द अर्धा पोचतो आणि अर्धा खरखरीत जातो. सावरणी तो अर्धा शब्द पुरा करायची. चार वर्षांतली टिटवीवरची सगळी संभाषणं लिहून काढून तिला शिकवली होती. कुठल्या शब्दामागून बहुधा कुठला शब्द येतो हे तिला पाठ होतं, आणि ज्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं मिळाली त्या नेहमीच्या माणसांचे आवाजही पाठ होते. लग्नाच्या पंगतीत वाढपी काय पुटपुटला ते ऐकू आलं नाही तरी तो जिलेबीच म्हणाला असणार, हे आपण धरून चालतो. सावरणीही तसंच धरून चालायची आणि त्या माणसाच्याच आवाजात तो शब्द खाली पाठवायची. खरखर नाही, तुटणं नाही. टिटवीवरची माणसं खूश झाली. आज तर ते यंत्र विकत घ्यायचं की नाही ते ठरवायला जिल्ह्याच्या आपत्ती विभागाची माणसं येणार होती. त्यांच्यासमोरचा खरा प्रयोग पुढच्या, अकरा अठराच्या फेरीत व्हायचा होता. नऊ बेचाळीसची ही नुसती रंगीत तालीम.

खूश न झालेला माणूस एकच होता, आणि तो शैलजाताईंचा सख्खा भाऊ होता.

पद्माकर भंगाळे त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. रेल्वेत स्टेशन मास्तर. वडील लवकर गेले म्हणून शैलजाताई वाढल्या त्या दादाच्या स्टेशनच्या क्वार्टरमध्ये, आणि रेडिओही शिकल्या त्याच्याचकडून. निवृत्तीनंतर, वहिनी गेल्यावर, तो सातपुड्याच्या कुशीत चिंचपाणीला एकटा राहायला गेला. तिथं मोबाइल लागत नाही हे त्या गावाचं त्याच्या मते सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. रोज टिटवीच्या फेरीला तो सेटवर यायचा, बहिणीला दोन गोष्टी सुनवायचा आणि "बास" म्हणून बंद करायचा. निरोपाचं गोड बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

सावरणीला शिकवायला अत्तरदे सरांना जुने खरखरीत आवाज हवे होते. दादाकडे पूर्वीच्या रेडिओ संभाषणांच्या दोन पेट्या भरून कॅसेटी होत्या. शैलजाताईंनी त्या आणल्या आणि सरांना दिल्या. विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच नाही विचारलं.

सावरणी सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी पद्माकर ऐंशी किलोमीटरचा प्रवास करून प्रयोगशाळेत आला.

"तुह्या त्या डब्यानं काल माह्या आवाजात एका परक्या माणसाचे आभार मानले," तो म्हणाला. "मी जन्मात कोनाचे आभार मानले का?"

"दादा, शब्द तुटला व्हता. त्यानं भरून काढला."

"माह्या तोंडात दुसऱ्याचे शब्द घालू राह्यलं ते. अन् माहा आवाज त्याले कोनं देला? तू!" मग त्यानं छत्री उचलली आणि तो गेला. त्यानंतर आठ महिने टिटवीवर त्याचा आवाज नव्हता, पत्राला उत्तर नव्हतं, दिवाळीला पाठवलेला फराळही तसाच परत आला. शैलजाताईंनी ते अनारसे रागारागानं स्वतःच संपवले. त्यांना ते बाधले.

नऊ बेचाळीसला टिटवी वर आली. नागपूरचे एक गृहस्थ आणि बेळगावच्या एक बाई एकमेकांना हवामान सांगत होते. अत्तरदे सर मागे उभे राहून दोन्ही हात चोळत होते. पाचव्या मिनिटाला स्पीकरमधून आवाज आला, आणि शैलजाताई खुर्चीत ताठ झाल्या.

"शैलजाताई, मी पद्माकर भंगाळे. तुमचा आवाज छान येतोय. इकडे सगळं ठीक आहे, हवा चांगली आहे. बऱ्याच दिवसांनी भेट झाली. आनंद वाटला."

"दादा!" त्यांनी बटण दाबलं. "कसा हायेस तू? कुठून बोलू राह्यला?"

"मी ठीक आहे. काळजी करू नका. तुमची आठवण येते. आभारी आहे."

शैलजाताईंच्या डोळ्यांना धार लागली. आठ महिने! या एका वाक्यासाठी त्यांनी मनातल्या मनात किती भांडणं केली होती. मेल्याला आज सुचलं, तेही सगळ्या विभागासमोर. पदरानं डोळे पुसत, टिटवी क्षितिजाखाली जायच्या आधी, त्यांनी सवयीनं विचारलं, "दादा, नंबर?"

"फाइव्ह नाइन," दादाचा आवाज म्हणाला. "फाइव्ह नाइन."

त्यांनी वहीत ५९ लिहिलं. टिटवी गेली.

"वा!" अत्तरदे सर म्हणाले. "पाहिलंत मॅडम? घरातलं भांडणसुद्धा सावरलं की! अकरा वाजता आपत्ती विभागाच्या देवरे मॅडम येतील ना, त्यांना हे तुम्ही स्वतः सांगा. हृदयस्पर्शी आहे."

शैलजाताईंनी मान हलवली. त्यांना खरोखरच बरं वाटत होतं. पर्स उघडून त्यांनी आतल्या कप्प्यातला, घड्या पडून मऊ झालेला कागद काढला. त्यावर दोन-दोन आकड्यांचे नंबर होते, उभ्या रांगांमध्ये, कसलाही क्रम नसलेले. वरच्या बऱ्याच नंबरांवर काट मारलेली होती.

रेल्वेत याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. एक स्टेशन दुसऱ्या स्टेशनला फोनवर सांगतं की गाडी घ्यायला लाइन मोकळी आहे. पण हे खरंच त्या मास्तरनं सांगितलं की आपल्यालाच तसं ऐकू आलं? म्हणून निरोपाबरोबर एक नंबर द्यायचा. कुणाला अंदाजानं सांगता येऊ नये म्हणून तो यादीतून उचलायचा आणि एकदा वापरला की काट मारायची. पद्माकरनं हीच पद्धत घरात आणली होती. एकच यादी, एक प्रत त्याच्याकडे, एक धाकट्या बहिणीकडे. वहिनीनं स्वयंपाक झाल्याचा निरोप शैलजाबरोबर पाठवला तरी तो टेबलावरून विचारायचा, "नंबर?" आणि एकच नियम होता. नंबर देऊन खोटं बोलायचं नाही. नववीत असताना "अभ्यास झाला" म्हणून शैलजानं ठोकून दिलं होतं, त्यानं नंबर मागितला, आणि तिच्या तोंडून तो काही केल्या निघाला नव्हता. तेव्हापासून आजतागायत, या यादीनंतर ती यादी, दोघांनीही हा नियम कधी मोडला नव्हता.

काट मारायला त्यांनी पेन टेकवलं. यादीतला पुढचा नंबर २७ होता.

त्यांनी वही पाहिली. ५९. कागद पाहिला. २७. दादा चुकला? वहिनी गेली त्या दिवशीही दादानं भिंतीवरच्या घड्याळाला वेळेवर किल्ली दिली होती. तो यादीत चुकणार?

आणि मग, उशिरानं, लख्ख कळलं. तो त्यांना शैलजाताई म्हणाला होता. जन्मापासून ज्यानं 'शैले' याखेरीज हाक मारली नाही, तो थोरला भाऊ त्यांना ताई म्हणाला होता, आणि त्या रडत बसल्या होत्या!

हौशी रेडिओवाले भेटले की पहिलं सांगतात ते 'फाइव्ह नाइन'. म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि जोरदार येतो आहे. टिटवीवर सगळ्यात जास्त वेळा बोलला गेलेला आकडा हाच. सावरणीला खालून नुसती खरखर मिळाली, एक आकडा येणार एवढं तिला कळलं, आणि तिनं नेहमीचा आकडा भरला. बाकीचंही नेहमीचंच भरलं. हवा चांगली, सगळं ठीक, काळजी करू नका. टिटवीवर माणसं चार वर्षं हेच बोलत होती; मी संकटात आहे असं कुणी कधी बोललंच नव्हतं. दादाचा स्वर तिच्याकडे कॅसेटींमधला होता. पण बोलण्याची रीत ती माणसागणिक वेगळी शिकलीच नव्हती; ती तिनं बाकीच्या तीनशे माणसांची लावली.

"सर," त्या उठल्या. "हा दादा नाही. म्हणजे दादाच आहे, पण बोललं त्यातलं काहीच त्याचं नाही. खालून येणारा आवाज फार क्षीण असणार. आठ महिने रुसलेला माणूस ज्या डब्याचा तिटकारा करतो त्या डब्यावर का येईल? त्याला काहीतरी झालंय."

"मॅडम, ते स्वतः ठीक आहे म्हणाले. रेकॉर्डिंग आहे."

"ते सावरणी म्हणाली."

"तुम्ही भावुक झाला आहात. वय झालंय त्यांचं, नंबर विसरले असतील." सरांनी घड्याळ पाहिलं. "आणि हे प्लीज देवरे मॅडमसमोर नको."

"मूळ आवाज काढून द्या मला. दुरुस्तीच्या आधीचा."

सरांनी नजर पडद्याकडे वळवली. "तो वर साठवत नाही आपण. जागा नाही."

शैलजाताईंनी कपाळाला हात लावला. तुटलेलं फेकून द्यायचं आणि गोड करून बनवलेलं जपून ठेवायचं, हे या माणसाच्या डॉक्टरेटमध्ये बसतं तरी कसं?

चिंचपाणीपासून तीन किलोमीटरवर वनखात्याची चौकी होती, तिथं फोन लागायचा. वनरक्षक बारेला दादाला ओळखत होता. त्यानं माणूस पाठवला. चाळीस मिनिटांनी, पावणेअकराच्या सुमाराला त्याचा फोन आला.

"बाई, घराले कुलूप हाये. कुत्रं तेवढं दारात बसेल हाये, वरडू राह्यलं. मास्तर सकाळीच रेडिओ अन् वायरीचं भेंडोळं घेऊन, झाडाले तार बांधाले, डोंगराकडे गेले म्हनत्या."

"शोधा ना मग!"

"कुठी शोधू? वरती तीन नाले हायेत, एक इकडे, एक तिकडे. चार मानसांले दिवस जाईल. जागा सांगा बाई, लगेच निंगतो."

जागा. ती सांगणारा माणूस सांगत असणारच, जीव तोडून सांगत असणार, आणि वरची बया त्याचं "हवा चांगली आहे" करून खाली पाठवत होती. हे सगळं घडतंय ते आपण दिलेल्या कॅसेटींमुळे, हे शैलजाताईंना टोचत होतं. त्याचा आवाज त्या यंत्राला माहीतच नसता तर निदान कुणाचा तरी अनोळखी, चमत्कारिक आवाज आला असता आणि त्यांना तेव्हाच शंका आली असती. त्यांचं आठ महिन्यांचं मागणं मात्र यंत्रानं नेमकं पुरवलं होतं.

अकरा वाजता आपत्ती विभागाच्या देवरे मॅडम आल्या. सोबत तीन माणसं. गुच्छ झाले, चहा झाला. अत्तरदे सर बोलत होते आणि शैलजाताई यंत्रासमोर बसून दातओठ खात होत्या. सावरणी बंद करायची आज्ञा अशी होती की टिटवीचा संगणक आधी पूर्ण बंद होई आणि मग सावरणीशिवाय पुन्हा सुरू होई. दीड मिनिट. पण टिटवीची बॅटरी पाच वर्षांची जुनी. एकदा झोपलेली टिटवी पुन्हा उठेलच, याची खात्री कुणी देत नव्हतं. उठली नाही तर उपग्रह संपला, कॉलेजचं नाव संपलं आणि दादाशी बोलायची वाटही संपली.

अकरा सोळाला त्यांनी आज्ञेचा संकेत टाइप करायला घेतला. सरांनी ते पाहिलं.

"मॅडम, काय करताय?"

"सावरणी बंद करतेय."

"आत्ता? पाहुण्यांसमोर?" सर हसत हसत दबक्या आवाजात म्हणाले. "हात लावू नका. दोन वर्षांचं काम आहे माझं. अहो, पुढच्या फेरीला करा. नंतर करा!"

"नंतरची बरी फेरी थेट रात्री आहे."

"परवानगी लागेल तुम्हाला."

"कुणाची?" शैलजाताई म्हणाल्या. "परवाना माझ्या नावावर आहे. तुम्ही परीक्षा द्या आणि मग मला अडवा."

अकरा अठराला टिटवी वर आली. बेळगावच्या बाईंचा आवाज स्वच्छ, गोड, स्पीकरभर पसरला. देवरे मॅडम कौतुकानं मान हलवू लागल्या. तिसऱ्या मिनिटाला दादाचा आवाज त्यात मिसळला : "शैलजाताई, तुमचा आवाज छान येतोय."

तो अजून बोलतोय, एवढीच खात्री हवी होती. शैलजाताईंनी बटण दाबलं.

स्पीकर मेला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी चेहरा हातात घेतला.

"काय झालं?" देवरे मॅडमनी विचारलं.

"माझा भाऊ डोंगरात पडलाय, असा माझा अंदाज आहे," शैलजाताई म्हणाल्या. "हे यंत्र तो मजेत असल्याचं सांगतं. म्हणून यंत्र बंद केलं. दीड मिनिट कुणी बोलू नका."

पन्नास सेकंद. सत्तर. नव्वद झाले. शंभर. उठ गं बाई, त्या मनात म्हणाल्या, आजवर तुझं सगळं केलं, आज तेवढी ऊठ. एकशे दहाव्या सेकंदाला स्पीकर फुरफुरला आणि खरखर सुरू झाली. नुसती, कोरी, कान किटवणारी खरखर. पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. शैलजाताईंनी हेडफोन लावला आणि डोळे मिटले. तीस वर्षं त्यांनी अशा खरखरीतून शब्द वेचले होते, तांदळातून खडे वेचावेत तसे.

"…ले… शैले… बहिरी झा… का…"

"दादा! सावरणी बंद केली. नंबर दे."

"…दोन…" मध्ये बराच वेळ काही नाही. "…सात. दोन-सात. …कव्हाचा बोंबलू राह्यलो… अन् तो डबा…"

"दादा, शिव्या मंग दे. कुठी हायेस?"

"…मधला नाला… पडका बंधारा… वरल्या अंगाले… पाय मोड… घसरलो अंजनाच्या झाडाव… बॅटरी…"

"मधला नाला. पडका बंधारा, वरचं अंग. पाय मोडला," शैलजाताईंनी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत परत म्हटलं. निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय पुरा होत नाही, हेही त्यानंच शिकवलं होतं. "नंबर सहा-चार. ऐकू आलं का दादा? सहा-चार."

खरखर. मग अगदी पुसट, पण त्यात राग होता आणि तो ओळखू येत होता : "…बास."

शैलजाताईंनी हेडफोन काढला तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता, आणि देवरे मॅडम फोनवर वनचौकीला मधल्या नाल्याची जागा सांगत होत्या. फोन ठेवून त्या अत्तरदे सरांकडे वळल्या. "सर, तुमचं यंत्र फार छान बोलतं," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे जी माणसं बोलतात ती कधीच छान काही सांगत नाहीत. मला ती खरखरच द्या."

दोन वाजता पद्माकरला खाटेवर घालून खाली आणलं. पायाला दोन ठिकाणी मोड, एक बरगडी, आणि सहा तास उन्हात पडल्यानं अंगात ताप. कठीण होतं, डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर फार कठीण होतं. पद्माकरच्या छातीशी टिटवी पकडायला सुताराच्या मोजपट्टीचे तुकडे कापून केलेला अँटेना होता. तो त्यानं खाटेवरही कुणाला घेऊ दिला नाही.

अत्तरदे सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते शैलजाताईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"खात्री नसेल तिथं सावरणीनं गप्प बसायचं," ते म्हणाले. "खरखर तशीच खाली सोडायची. असं लिहितोय आता. आणि मूळ आवाज साठवायला जागा करतोय."

"बरं," शैलजाताई म्हणाल्या.

"आणि त्या परीक्षेचा फॉर्म कुठं मिळतो?"

"चौथ्यांदा सांगतेय," शैलजाताई म्हणाल्या, पण सांगितलं.

आठवड्यानं, रविवारी सकाळी, त्या इस्पितळात गेल्या. पद्माकर उशांना टेकून बसला होता आणि नर्सला घड्याळ तीन मिनिटं मागे असल्याचं ऐकवत होता. बहीण दिसताच त्याचा मोहरा वळला. जेवणाचा डबा बेचव होता. टिटवी उशिरा उठली. एकशे दहा सेकंद लागतात का कुठं? ही कुठली बॅटरी? कॅसेटी कधी परत करणार? शैलजाताई स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्यांना नेहमीसारखा वैताग येत होता आणि तो कधी संपू नये असं वाटत होतं.

तो दमल्यावर त्यांनी विचारलं, "दादा, पहिल्या फेरीले तू काय म्हनला व्हता?"

"कोनत्या?"

"नऊ बेचाळीसच्या. ते वर साठवलंच नाई. कोनाकडेच नाई आता. खरं काय बोलला व्हता तू?"

"शिव्या देल्या तुले," पद्माकर म्हणाला. "दुसरं काय देनार?"

"सगळा वेळ शिव्या?"

"सगळा वेळ."

शैलजाताईंनी पर्समधून तो मऊ झालेला कागद काढला. सत्तावीसवर काट होती, चौसष्टवर काट होती. पुढचा नंबर शून्य-नऊ होता. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि भावाकडे पाहिलं.

"मंग नंबर दे."

पद्माकरनं कागदाकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. मग प्लास्टरमधल्या पायाकडे, जणू तो आत्ताच कुणी लावून गेलं होतं. त्याचे ओठ एकदा हलले.

"चहा गार झाला," तो म्हणाला.

शैलजाताईंनी बराच वेळ वाट पाहिली. नंबर आला नाही. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागद जपून घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्याचा चहा गरम करून आणायला त्या उठल्या.